साल आणि पाईन : झाड बदललं की हक्कही जातो

(उन्हाळी कार्यकर्ता शिबिरात एका कार्यकर्तीने केलेलं भाषण. टेपवरून उतरवून घेतलं आहे. ज्या गावांतून कोणी येऊ शकलं नाही, तिथे गावसभेत मोठ्याने वाचून दाखवावं.)



काल दिवसभर आपण पट्ट्यांवर बोललो. जुनी वहिवाट कशी दाखवायची, दंडाच्या पावत्या कशा सांभाळायच्या, पटवारी मोका पाहायला आला तर गावातल्या कोणी हजर राहायचं, हे सगळं झालं. आज मला झाडांवर बोलायला सांगितलं आहे. सकाळी एक काका मला म्हणाले, "पोरी, झाडाचं तू आमाले काय सांगशीन? आमी जंगलातच जलमलो." काका बरोबर बोलले. मोह, येन, तेंदू, धावडा यांच्याबद्दल मी तुम्हाला काही शिकवू शकत नाही. म्हणून मी दोन वेगळ्या झाडांबद्दल बोलणार आहे. एक आपल्या शेजारच्या बस्तरात आहे, आपल्याकडे फारसं नाही. दुसरं आपल्यातल्या बहुतेकांनी उभं असलेलं पाहिलेलंच नाही. पहिलं साल आणि दुसरं पाईन.

हीच दोन झाडं का? तर १९७५ च्या सुमाराला बस्तरात एक योजना आली होती. सालचं जंगल तोडायचं आणि तिथे पाईन लावायचा. ती योजना का आली, लोकांनी ती का नको म्हटली आणि ती कशी बंद पडली, हे आपल्याला माहीत पाहिजे. कारण जमिनीचा पट्टा हातात असूनही माणूस जंगलातून कसा बाहेर पडतो, ते या गोष्टीत दिसतं.

आधी झाडं ओळखून घेऊ.

सालला बस्तरात हलबी बोलणारे सरगी म्हणतात. छत्तीसगडकडे सरई म्हणतात. इंद्रावतीच्या पलीकडे ज्यांचं नातंगोतं आहे, त्यांनी जगदलपूरच्या बाजूला जाताना ही झाडं पाहिली असतील. सरळ उंच खोड, रुंद चकचकीत पान. उन्हाळ्यातसुद्धा साल कधी पुरता उघडा पडत नाही. जुनं पान गळतं न गळतं तोच नवं फुटतं. चैताच्या सुमाराला झाडभर पिवळसर मोहर येतो. मग त्याला पंखवालं फळ धरतं, आणि पावसाच्या तोंडावर ते वाऱ्यावर गरगरत खाली येतं.

पाईन म्हणजे हिमालयातल्या चीडच्या जातीचं झाड. त्याचं पान सुईसारखं. त्याला फूल येत नाही, फळ धरत नाही. लाकडी खवल्यांचा एक गोळा येतो, त्याला शंकू म्हणतात, आणि त्या खवल्यांवर बी असतं. जे मुंबईकडे कामाला गेलेत त्यांनी समुद्राकाठी सुरूचं झाड पाहिलं असेल. लांबून ते पाईनसारखंच वाटतं, पण ते पाईन नव्हे. सुरू हे फुलझाडच आहे, फक्त पान बारीक. सफरचंदाच्या खोक्याचं पांढुरकं हलकं लाकूड पाहिलंय ना? ते या पाईनच्या गोतातल्या झाडांचं.

अकरावी-बारावीच्या पुस्तकात पाईनला अनावृतबीजी म्हणतात आणि सालला आवृतबीजी. म्हणजे एक उघड्या बियाचं झाड आणि एक झाकलेल्या बियाचं झाड. परीक्षेत एवढं लिहिलं की मार्क मिळतात. पण गावाच्या हिशेबात याचा अर्थ लांबवर जातो. बी झाकायला फळ लागतं आणि फळाच्या आधी फूल लागतं. आपण जे वेचतो, खातो, विकतो, ते बहुतेक या फुलात आणि फळात आहे. मोहफूल फूल आहे. टोळ, चार, तेंदू, हिरडा, बेहडा, बिबा ही सगळी फळं नाहीतर बिया. पाईनचा पराग वाऱ्यावर उडतो. त्याला मधमाशीची गरज नाही, म्हणून मधमाशीसाठी त्याच्याकडे मधही नाही.

आता कोणी म्हणेल, मग पाईन वाईट झाड आहे. तसं मी म्हणत नाही. बस्तरात जो पाईन आणला तो कॅरिबियन पाईन. त्याचं मूळ घर होंडुरास, क्युबा असल्या देशांत. तिथे तो रेताड, हलक्या जमिनीवर वाढतो, जंगलाला आग लागून गेली तरी मोठी झाडं तगतात. तिथल्या लोकांच्या तो उपयोगाचा आहे. लवकर वाढतो. त्याच्या लाकडाचा तंतू लांब असतो, आणि लांब तंतूचा कागद मजबूत होतो. आपलं हे पत्रक आपण स्टेन्सिल कापून कागदावरच काढतो, पोरांची पुस्तकं कागदाचीच असतात. कागद नको असं आपण म्हणत नाही. पण कोणाचं जंगल तोडून आणि कोणाला विचारून, हे मात्र आपण विचारणार.

आता दोन झाडं शेजारी ठेवून पाहू. सुरुवात बियापासून.

सालचं बी खाली पडलं की त्याला थांबता येत नाही. आठवडाभरात ओल मिळून रुजलं तर रुजलं, नाहीतर मेलं. म्हणून ते बरोबर पावसाच्या तोंडावर पडतं. ते पोत्यात भरून पुढच्या वर्षासाठी ठेवता येत नाही, दूरदेशी पाठवता येत नाही. पाईनचं बी वाळवून, थंड जागी ठेवून वर्षानुवर्षं टिकतं. पाकिटात घालून एका देशातून दुसऱ्या देशात जातं. ऑफिसात त्याची नोंद होते, वजन होतं, हिशेब होतो.

रोपाचं तसंच. पाईनचं रोप पिशवीत वाढतं, ट्रकमध्ये चढतं, रांगेत लावता येतं. सालचं रोप फार हट्टी. जमिनीतून कोंब येतो, उन्हाळ्यात तो जळून जातो. पुढच्या पावसाळ्यात परत येतो, परत जळतो. अशी कितीतरी वर्षं जातात. वरून पाहणाऱ्याला वाटतं, इथे काही नाही. पण खाली मूळ दरवर्षी जाड होत असतं. मूळ पुरेसं मजबूत झालं की मग एका वर्षी कोंब वर चढतो तो थांबत नाही. जंगलखात्याच्या पाच वर्षांच्या योजनेत हे बसत नाही. म्हणून सालचं जंगल माणसाच्या हाताने लावणं फार कठीण. उभं आहे ते राखायचं, एवढंच आपल्या हातात असतं. तोडलं तर पिशवीतून परत आणता येत नाही.

मी यावर जोर देते कारण लागवडीसाठी झाड निवडताना साहेब लोक बहुतेक हेच पाहतात. बी साठवता येतं का, रोप पिशवीत वाढतं का, किती वर्षांत कापायला येतं. कॅरिबियन पाईन पंधराएक वर्षांत कागदासाठी कापता येतो. सालचं मोठं लाकूड व्हायला माणसाचं आयुष्य जातं. कागदावर हिशेब मांडला की पाईन जिंकतो. पण त्या हिशेबात फक्त लाकूड धरलेलं असतं.

आता पानाकडे या. (बायकांतून आवाज : "पान तं आमचंच काम हाय!") होय बाई, तुमचंच काम. सालच्या पानाची पत्रावळ होते, दोना होतो. आपल्याकडे पळस आणि माहुलीचं पान आहे तसंच तिकडे साल. लग्न असो, मयत असो, बाजारात चिंच-मोह विकायचा असो, पान लागतंच. डहाळीचं दातन होतं. खोडातून राळ निघते, तिचा धूप होतो, तो देवाला लागतो आणि बाजारातही विकला जातो. बियाचं तेल निघतं. बाया जून महिन्याच्या आधी बी झाडून गोळा करतात, पंख जाळतात, टरफल कुटून काढतात. शंभर किलो बियाला बारा-चौदा किलो तेल निघतं. ते साबणाला जातं, आणि परदेशात चॉकलेटसाठी लागणाऱ्या महागड्या तुपाच्या जागी वापरतात. बी वेचणाऱ्या बाईच्या हातात त्यातलं किती येतं, हा वेगळा विषय आहे. त्यावर उद्या बोलू.

पाईनच्या पानाचं काय? सुईची पत्रावळ होत नाही. गाय-शेळी ती खात नाही. त्यात राळ असते म्हणून ती लवकर कुजत नाही, खाली गादीसारखी साठते. दाट लागवडीत त्या गादीखाली गवत-झुडूप कमी येतं. आणि उन्हाळ्यात ती वाळली की ठिणगी पुरते. मग आग लागली की पहिला संशय कोणावर जातो, ते मी सांगायची गरज नाही.

आता मुळाखाली. आपल्याकडे पहिल्या पावसानंतर सात्या निघतात तसा बस्तरात सालच्या झाडाखाली बोडा निघतो. जमिनीतच गोळ्यासारखा असतो, बाया काठीने माती उकरून काढतात. बाजारात त्याला फार चांगला भाव येतो. हा बोडा कोणी पेरत नाही. तो सालच्या मुळाशी जोडूनच वाढतो. साल असेल तर बोडा, साल नाही तर बोडाही नाही. शेतात लावून तो येत नाही.

गंमत अशी की पाईनलाही मुळाशी असा बुरशीचा सोबती लागतो. परक्या देशात पाईन नेला तेव्हा सुरुवातीला रोपं पिवळी पडून मरायची. मग जुन्या पाईनच्या मुळाखालची माती आणून रोपवाटिकेत मिसळावी लागली, तेव्हा ती जगली. बघा, झाड एका जागेवरून दुसऱ्या जागी न्यायचं तर त्याचे शेजारी, त्याची माती सोबत न्यावी लागते, हे सरकारच्या शास्त्रज्ञांना कळतं. माणसं धरणासाठी उठवताना हे कोणाला कळत नाही.

तर आता बस्तरची गोष्ट.

बस्तर आणि जंगलाचा कायदा यांचं भांडण जुनं आहे. इंग्रजांच्या काळात तिथलं दोन-तृतीयांश जंगल राखीव करायचं ठरलं होतं. राखीव म्हणजे फिरतं शेत बंद, शिकार बंद, वेचणं बंद. १९१० साली लोक उठले. आंब्याची डहाळी आणि लाल मिरची गावोगाव फिरली. नेतानारचा गुंडाधूर पुढे होता. त्याला भूमकाल म्हणतात. उठाव बंदुकीने दाबला, पण राखीव करण्याचं काम सरकारला थांबवावं लागलं आणि राखीव क्षेत्र जवळजवळ निम्म्यावर आणावं लागलं. जंगल कोणाचं, हा प्रश्न तिथे तेव्हापासून मिटलेला नाही.

१९७५ च्या सुमाराला जागतिक बँकेच्या कर्जावर मध्य प्रदेश सरकारने पाईनची योजना आणली. आधी प्रयोगाची लागवड, मग हजारो हेक्टर सालच्या जागी पाईन, आणि त्या लाकडावर कागदाचा कारखाना. सांगताना असं सांगितलं की सालचं जंगल हळू वाढतं, उत्पन्न कमी देतं, पाईन आला की रोजगार येईल, आदिवासींचा विकास होईल.

लोकांना पाईनचं शास्त्र माहीत नव्हतं, पण त्यांनी विचारलेले प्रश्न बरोबर होते. पान कुठून आणायचं? बी कुठे वेचायचं? गुरं काय खातील? आमचे देव ज्या झाडांत आहेत ती झाडं तोडणार का? या प्रश्नांना उत्तर नव्हतं. लोकांनी विरोध केला, बाहेरूनही टीका झाली, आणि सरकारातल्याच काही जाणत्या अधिकाऱ्यांनी योजनेवर बोट ठेवलं. १९८१ साली योजना गुंडाळली गेली.

हा विजय आहे, पण तो नीट समजून घ्या. प्रयोगाच्या लागवडीसाठी जिथे साल तोडला, तिथे तो आपोआप परत उभा राहिला नाही. योजना बंद झाल्याचा कागद एका दिवसात निघतो, साल एका दिवसात येत नाही. म्हणून तोडणीच्या आधी जागं व्हायचं, नंतर नाही.

आणि आता मुख्य मुद्दा. समजा ती योजना पूर्ण झाली असती. बस्तरच्या लोकांचा निस्तार हक्क कोणी काढून घेतला असता का? नाही. कागदावर तो तसाच राहिला असता. पान तोडायचा हक्क, बी वेचायचा हक्क, गुरं चारायचा हक्क, सगळं लिहिलेलं. पण जंगलात पान नाही, बी नाही, चारा नाही. हक्क रद्द करायला नोटीस काढावी लागते, नोटीस काढली की लोक कोर्टात जातात, मोर्चा काढतात. झाड बदलायला नोटीस लागत नाही. नर्सरीत कोणती पिशवी भरायची, एवढं ठरवलं की झालं. हक्क कागदावर राहतो आणि जंगलातून जातो.

आपल्या गावांच्या निस्तारपत्रकात आणि वाजिब-उल-अर्जमध्ये काय लिहिलंय ते आपण गेल्या वर्षी उतरवून आणलं. ते आपलं हत्यार आहे. पण त्या कागदातली झाडं जंगलात उभी नसतील, तर त्या हत्याराला धार राहणार नाही.

हे फक्त बस्तरात झालं असं नाही. हिमालयात कुमाऊँ-गढवाल भागात बांज नावाचं झाड आहे. ते फुलझाडांपैकी आहे. त्याचं पान गुरं खातात, खत होतं, त्याच्या जंगलात जमीन ओली राहते, झरे टिकतात. तिथलाच चीड पाईन आहे. तो परका नाही, तिथल्याच डोंगरातला आहे, आणि लोक त्याचं लाकूडही वापरतात. पण इंग्रजांना रेल्वेचे स्लीपर पाहिजे होते आणि चीडची राळ पाहिजे होती. म्हणून चीड वाढवला आणि लोकांवर बंधनं घातली. १९२१ साली कुमाऊँत लोकांनी सरकारी जंगलांना आगी लावल्या. आता ध्यान देऊन ऐका. आगी लागल्या त्या चीडच्या जंगलांना. रुंद पानाची बांजची जंगलंही सरकारच्याच ताब्यात होती, पण ती लोकांनी जाळली नाहीत. त्यांना माहीत होतं, कोणतं जंगल सरकारच्या तिजोरीचं आणि कोणतं आपल्या गोठ्याचं. या भांडणातूनच १९३१ साली तिथे वन पंचायती आल्या, म्हणजे गावाने सांभाळायचं गावाचं जंगल. ते हक्कसुद्धा पुरे नाहीत, पण मिळाले. आणि याच डोंगरात १९७३ पासून चिपको झालं. १९७४ साली रेणी गावात गौरादेवी आणि तिच्या सोबतच्या बाया झाडांना बिलगून उभ्या राहिल्या आणि ठेकेदाराची माणसं परत गेली.

तिसरं उदाहरण तेव्हाच्या बिहारमधल्या सिंहभूमचं. तिथे पाईन नव्हता. तिथे सालच्या जागी साग लावायला घेतला. साग काही परका नाही, त्यालाही फूल येतं, पण भांडण तेच. १९७८ पासून हो आणि मुंडा लोकांनी जंगल आंदोलन केलं, सागाची रोपं उपटली. तिकडे म्हणू लागले, साल म्हणजे झारखंड आणि साग म्हणजे बिहार. १९८० साली गुवा इथे गोळीबार झाला, आदिवासी मारले गेले.

सिंहभूमचं उदाहरण मी मुद्दाम सांगितलं, कारण आता आपल्याकडे यायचं आहे. आपल्याकडे कोणी पाईन आणत नाही. आपल्याकडे मिश्र जंगलाचा कूप पडतो आणि तिथे निव्वळ साग उभा राहतो, नाहीतर निलगिरी. मिश्र जंगलाला डेपोच्या भाषेत काय म्हणतात? आडजात. सागवान सोडून बाकी सगळं आडजात. मोह आडजात, येन आडजात, चार आडजात, बेहडा आडजात. आणि त्यांचं फूल-फळ म्हणजे गौण वनउपज. ज्याच्यावर आपलं घर वर्षातले कितीतरी महिने चालतं, ते गौण. गौण कोणासाठी? डेपोसाठी. एका बैलगाडीभर लाकडाची पावती फाटते, म्हणून ते मोजलं जातं. आजीने पहाटे उठून वेचलेल्या टोपलीभर मोहाची पावती फाटत नाही, म्हणून ते उत्पन्नच नाही.

(सभेतून प्रश्न : "पण ताई, लागवडीत मजुरी तं भेटते ना?")

भेटते दादा, आणि मजुरीची गरज आपल्या सगळ्यांना आहे. खड्डे खणायची, पिशव्या भरायची, निंदणाची मजुरी भेटते. किती दिवस? दोन-तीन हंगाम. मग तार लागते, गुरं आत गेली तर कोंडवाड्यात, बाई काडीला गेली तर विळा जप्त. मोहाचं झाड दहा-पंधरा वर्षांनी फुलायला लागलं की तुमच्या नातवापर्यंत फुलत राहतं, आणि त्याला मस्टर लागत नाही. मजुरी सोडा असं मी म्हणत नाही. पाहिजे तर मोहाचे खड्डे खणायला लावा, चारोळीच्या पिशव्या भरायला लावा. मजुरी तेवढीच पडेल. खड्ड्यात काय लावायचं ते गाव ठरवेल, एवढीच आपली मागणी आहे.

यासाठी आता एक आधारही आहे. १९८८ च्या डिसेंबरात दिल्ली सरकारने नवं वन धोरण काढलं. त्यात लिहिलंय की जंगलात आणि जंगलालगत राहणाऱ्या आदिवासींच्या गरजा, सरपण, चारा, गौण उपज, घराचं लाकूड, यांचा जंगलाच्या उत्पन्नावर पहिला हक्क राहील. आणि नैसर्गिक जंगल कारखान्यांना लागवडीसाठी देऊ नये, असंही लिहिलंय. धोरण म्हणजे कायदा नव्हे. त्यावर गार्ड ऐकेल अशी आशा धरू नका. पण साहेबाच्या टेबलावर ते ठेवता येतं आणि विचारता येतं, साहेब, तुमच्या सरकारने असं लिहिलंय, मग हा कूप असा कसा?

आता काम. पावसाळ्याला थोडे दिवस राहिलेत, आणि लागवड पावसाळ्यातच होते. त्याच्या आधी प्रत्येक गावाने तीन गोष्टी करायच्या.

पहिली, झाडांची यादी. म्हातारी माणसं आणि बाया बसवा. ज्यांना लिहिता येतं त्या पोरांनी लिहा. गावाच्या जंगलात कोणतं झाड, त्याचं काय काय घेतो, कोणत्या महिन्यात घेतो. मार्च-एप्रिलला मोह, मे महिन्यात तेंदूपत्ता, मग टोळ, पावसात वास्ते आणि सात्या, असं वर्षभराचं. आपल्या भाषेतलं नावही लिहा आणि मराठी नावही लिहा, म्हणजे ऑफिसात 'असं झाड नाही' म्हणून कोणी टाळणार नाही.

दुसरी, नर्सरी पाहून या. आपल्याच बाया तिथे पिशव्या भरतात. कोणत्या पिशव्या किती आहेत, ते त्यांना माहीत असतं. त्या पिशव्या म्हणजे आपल्या जंगलाचं पुढचं चित्र आहे. सागाच्या आणि निलगिरीच्याच रांगा असतील तर जुलै महिन्यात काय होणार ते मे महिन्यातच कळतं.

तिसरी, गावसभेचा ठराव. साधा लिहायचा. आमच्या निस्तारपत्रकातली झाडं तोडून दुसरं झाड लावायला आमची संमती नाही. लागवड करायची तर मोकळ्या, उजाड जागेवर करा, आणि आम्ही दिलेल्या यादीतली झाडं लावा. त्यात आपली जबाबदारीही लिहायची. चार तोडताना फांदी छाटायची नाही, मोहाखाली जाळ करताना राखण ठेवायची, बाहेरच्या ठेकेदाराला आपल्या गावातून लाकूड जाऊ द्यायचं नाही. आपण राखणार असू तरच आपलं बोलणं वजनदार होईल. ठरावाच्या तीन प्रती करा. एक रेंज ऑफिसला, एक जिल्ह्याला, एक गावात. पहिल्या दोन्हींची पोच घ्या, तारखेसकट.

आणि साहेब गावात येऊन "हे झाड फायद्याचं आहे" असं म्हणाले, तर भांडू नका, प्रश्न विचारा. हे लावण्यासाठी आधीचं काय तोडणार? याचं पान गुरं खातील का? यातून गावाला दरवर्षी काय मिळेल आणि कोणत्या महिन्यात? कापणी कधी, आणि त्याचा पैसा कोणाच्या खात्यात? हे उभं असेपर्यंत आम्हाला आत जाता येईल का? बस्तरच्या लोकांनी हेच विचारलं होतं. उत्तरं मिळाली तर लिहून घ्या. नाही मिळाली तर तेही लिहून घ्या, तारीख घालून.

एक शेवटचं. काल पट्ट्यांच्या चर्चेत कोणीतरी म्हणालं, आपल्या केसेस इतकी वर्षं चालल्या, हाती काही लागत नाही, पोरं कंटाळलीत. त्यांना सालच्या रोपाचं सांगा. वरचा कोंब किती वेळा जळतो ते कोणी मोजत नाही. खाली मूळ वाढत असतं. आपण प्रत्येक गावात जी यादी करणार, जी पोच घेणार, जी गावसभा भरवणार, ते ते मूळ आहे.

यादी पुढच्या महिन्याच्या बैठकीत सोबत घेऊन या. ज्या गावाची यादी येईल, ती या पत्रकात छापू. शेजारच्या गावालाही कळू द्या आपल्या जंगलात काय काय आहे.

जोहार.